पत्र्याखालचा उन्हाळा

मार्च उजाडला की मालाडच्या वस्त्यांत दुपारचे वेळापत्रक बदलते. माळ्यावर अभ्यास करणारी मुले पुस्तके घेऊन खाली उतरतात. माळ्यावर शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका दुपारचे काम रात्रीवर ढकलतात. म्हातारी माणसे चटई घेऊन गल्लीत सावलीची बाजू धरतात. मालवणी, अंबुजवाडी, कुरार, आप्पापाडा, पठाणवाडी, कुठेही जा, चित्र हेच. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की यामागे नेमके कारण काय आणि त्यावर इलाज आहे का, हे आपण विचारतच नाही. या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही तेच मांडणार आहोत. विषय आहे आपल्या डोक्यावरचा पत्रा आणि त्याखाली लावायचे सामान. कोणते सामान उष्णता अडवते, कोणते अडवत नाही आणि कोणते लावले तर दुसरेच संकट ओढवते, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

शहराचा उकाडा आणि घरातला उकाडा

मुंबईला समुद्राचा वारा आहे म्हणून उन्हाळा सौम्य, असे बाहेरगावचे लोक समजतात. तो वारा दुपारी वेळेवर आला तर खरेच दिलासा मिळतो. पण मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, गरम वारे वाहू लागले की समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा चढतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अलीकडे २५ मार्च २०१८ रोजी तिथे ४१ अंश नोंदले गेले.

हे आकडे सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. पत्र्याच्या घरातला माणूस त्या पेटीत राहत नाही. भर दुपारी उन्हात तापलेला पत्रा ६० अंशांच्या आसपास सहज जातो. म्हणून बातम्यांत ३५ अंश ऐकले तरी माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. खात्री करायची असेल तर भिंतीवर टांगायचा साधा तापमापक आणा. दुपारी दोन वाजता तो आधी माळ्यावर, पत्र्याच्या सावलीत ठेवा, मग खाली लादीजवळ ठेवा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढे जे काही उपाय कराल त्यांचा उपयोग झाला की नाही, हे याच वहीवरून कळेल.

उष्णता आत कशी शिरते

स्टीलच्या पेल्यात गरम चहा धरवत नाही, काचेच्या कटिंगच्या ग्लासात धरवतो. तव्याला लाकडी मूठ असते. कढई उतरवताना आपण फडके दुमडून घेतो. लोखंड उष्णता झटकन पुढे नेते, लाकूड आणि कापड ती रेंगाळत ठेवतात. या गुणाला शास्त्रात उष्णता-वाहकता म्हणतात. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली आपल्या ग्रंथात तिचा नियम गणिताने मांडला. नियम साधा आहे: वस्तूची वाहकता जितकी कमी आणि तिचा थर जितका जाड, तितकी उष्णता कमी जाते.

मुलांना हे घरीच दाखवता येते. फ्रिजमधले सारखे दोन बर्फाचे तुकडे घ्या. एक स्टीलच्या ताटात ठेवा, दुसरा लाकडी पोळपाटावर. हाताला स्टील जास्त थंड लागते, म्हणून मुले सांगतील की ताटातला बर्फ जास्त टिकेल. प्रत्यक्षात तोच आधी वितळतो, कारण स्टील खोलीतली उष्णता बर्फापर्यंत लवकर पोहोचवते. पोळपाट ती अडवतो.

आता आकडे पाहू. वाहकता वॅट प्रति मीटर प्रति अंश या एककात मोजतात. पोलादाची वाहकता सुमारे ५० आहे. काँक्रीटची साधारण दीड, विटेची पाऊण, प्लायवूडची ०.१४ च्या आसपास. रॉकवूल आणि ग्लासवूल यांची सुमारे ०.०४, थर्माकोलची ०.०३५. आणि स्थिर हवेची? अवघी ०.०२५. थर्माकोल, लोकर, कापूस, घोंगडी यांच्या ऊबदारपणाचे रहस्य इथेच आहे. या सगळ्यांत बारीक बारीक कप्प्यांत हवा अडकलेली असते आणि खरे काम ती अडकलेली हवाच करते. मढ-मार्वेच्या कोळणी मासळीचा बर्फ थर्माकोलच्या पेटीत ठेवतात तो याचसाठी. पूर्वी बर्फाच्या लाद्यांवर लाकडाचा भुसा टाकून गोणपाट गुंडाळत, त्यातही हीच युक्ती होती.

एक इंच थर्माकोल जितकी उष्णता अडवतो तितकी अडवायला काय काय लागेल, हे आम्ही याच आकड्यांवरून काढून पाहिले. प्लायवूड घेतले तर सुमारे चार इंच जाड. विटेची भिंत घेतली तर एकवीस-बावीस इंच. काँक्रीट साडेतीन फूट. आणि पोलादाचा पत्रा घ्यायचा तर तो सुमारे छत्तीस मीटर जाड, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीच्या उंचीएवढा! आपला पत्रा असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यामुळे 'जाड गेजचा पत्रा टाका, घर थंड राहील' असे कुणी सांगितले तर ऐकू नका. जाड पत्रा जास्त वर्षे टिकतो, वादळवाऱ्यात वाकत नाही, पण उष्णतेच्या बाबतीत पातळ आणि जाड पत्र्यात काडीचाही फरक नाही.

डोक्यावरची शेगडी

१० बाय १२ ची खोली धरा. छप्पर १२० चौरस फूट. पत्रा ६० अंशांवर आणि खोलीतली हवा ३५ अंशांवर असेल, तर हिशेबाने त्या छपरातून सुमारे १६०० वॅट उष्णता खाली येते. दीड हजार वॅटची विजेची शेगडी डोक्यावर उलटी टांगून दुपारभर चालू ठेवावी, तसा हा प्रकार आहे. यातली बरीचशी उष्णता झळीच्या रूपाने थेट अंगावर येते. म्हणूनच पंखा चालू असूनही डोके तापते.

त्याच पत्र्याखाली एक इंच जाडीचा चांगला रोधक थर नीट बसवला, तर १६०० चे सुमारे ३०० वॅट होतात. थर न लावता पत्रा फक्त बाहेरून पांढरा केला आणि तो ६० ऐवजी ४५ अंशांवर राहिला, तर सुमारे ६५० वॅट. आणि दोन्ही केले तर सव्वाशे वॅटच्या आसपास. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे शेगडीच्या जागी घरात एक पाहुणा जास्त बसला आहे, एवढाच भार उरतो. हे हिशेब मोकळ्या, सरळ छपराचे आहेत. प्रत्यक्षात भिंती, फटी, शेजारचे घर यांमुळे आकडे थोडे बदलतील, पण उपायांचा क्रम बदलणार नाही.

देशात यासाठी नियमही आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. राहत्या इमारतीच्या छपरातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, दर चौरस मीटरला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. उघड्या पत्र्यातून याच्या चार ते पाच पट जाते. ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. आपल्या खोल्या तिच्या कक्षेत येत नाहीत. पण मापदंड म्हणून तिचा उपयोग करायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. एक ते दोन इंच चांगला रोधक थर लावलेले पत्र्याचे छप्परही त्या मर्यादेच्या जवळपास किंवा आत बसते. टॉवरमधल्या माणसाच्या शरीराला जे माप लागू, तेच माप आपल्या शरीरालाही लागू आहे.

गावाकडचे माळवद काय करत होते

आपल्यातली अनेक घरे मराठवाड्यातून, सोलापूरकडून, विदर्भातून, कोकणातून मुंबईला आली. मराठवाड्यातल्या मंडळींना धाब्याचे घर, माळवद आठवत असेल. लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. मातीची वाहकता थर्माकोलइतकी कमी नाही, पण तिचा थर जाड आणि जड. दुपारचे ऊन त्या मातीत मुरायला कितीतरी तास लागतात. उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपायला गेलेली असतात. कोकणातल्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि उंच आढ्याखालून गरम हवा निघून जाते. पेंढ्याच्या छपरात अडकलेली हवा असते.

वस्तीत यातले काहीच शक्य नाही. आपल्या भिंती मातीचा भार पेलणार नाहीत आणि घराची उंची १४ फुटांच्या आत ठेवण्याचा पालिकेचा दंडक आहे. त्या १४ फुटांत तळ आणि माळा दोन्ही बसवले की माळ्यावर उभे राहिले तरी डोके पत्र्याला लागते. म्हणून आपल्याला पातळ आणि हलका उपाय शोधावा लागतो.

आधी वरून पांढरे, मग आतून थर

खर्चाच्या दृष्टीने पहिले पाऊल छपरावर आहे. ऊन आत येऊन मग अडवण्यापेक्षा ते वरूनच परतवणे स्वस्त. नवा पांढरा थर उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. गंजलेला पत्रा, काळे प्लास्टिक, जुनाट काळवंडलेला सिमेंटचा पत्रा उलट ऊन पिऊन घेतात. चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून दोन हात मारले तरी फरक पडतो. परवडत असेल तर उन्हासाठीचा खास परावर्तक रंग मिळतो, तो अधिक टिकतो. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दरवर्षी फेब्रुवारीत नव्याने लावावा. धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो, म्हणून मधे एकदा छप्पर झाडावे. पावसाळ्यासाठी टाकलेली निळी-काळी ताडपत्री दिवाळीनंतर काढून ठेवा. ती राहू दिली तर रंगाचा पैसा वाया जातो.

अहमदाबादचा अनुभव यात सांगण्यासारखा आहे. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेतला. अशा छपरांमुळे घरात साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वाढत्या उष्णतेचा प्रश्न मांडला आहे. आपल्या विभागात त्याचे काय झाले, हे पालिकेच्या विभाग कार्यालयात विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

छप्पर पांढरे झाल्यावर आतल्या थराचा विचार करा. बाजारात जे मिळते त्याचे गुणदोष असे:

रॉकवूल आणि ग्लासवूल: उष्णता चांगली अडवतात आणि मुख्य म्हणजे पेटत नाहीत. यांचे तंतू अंगाला खाजवतात आणि श्वासात जाऊ नयेत, म्हणून बसवताना मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे हवेत. खालून जिप्सम किंवा फायबर सिमेंटचा बोर्ड लावून पूर्ण झाकले पाहिजे.

थर्माकोल: स्वस्त, हलका, वाहकता कमी. पण सहज पेटतो आणि उंदीर-मुंग्या घर करतात. याबद्दल खाली वेगळे लिहिले आहे.

पफ पॅनेल: दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेला असतो. उष्णता सर्वांत चांगली अडवतो, पण महाग. आतला फेस जळाला तर धूर अतिशय विषारी असतो.

पीव्हीसीचे सीलिंग: आतून पोकळ असल्याने थोडी उष्णता अडते. खरा फायदा पत्रा आणि सीलिंग यांच्यामधल्या हवेच्या पोकळीचा असतो. जळताना यातूनही घातक वायू निघतो.

चकचकीत फॉइलचा बबल शीट: हा झळ परतवतो. त्यासाठी चकचकीत बाजू आणि पत्रा यांच्यामध्ये किमान इंचभर मोकळी जागा हवी. पत्र्याला चिकटवून लावला तर निम्म्याहून अधिक उपयोग जातो. फॉइलमधून वीज वाहते, त्यामुळे उघडी वायर त्याला टेकता कामा नये.

प्लायवूड: थोडा फरक पडतो, पण वाळवी आणि ओल यांना लवकर बळी पडते.

गोणपाट, झावळ्या, जुने फ्लेक्स: वरून टाकल्यास सावली मिळते. पण वाळलेले गोणपाट आणि झावळ्या ठिणगीने पेटतात, पावसात कुजतात आणि उंदरांना आश्रय देतात. मुंबईत उंदीर म्हणजे लेप्टोचा धोका.

कोणताही थर लावण्याआधी पत्र्याची गळती बंद करा. पाण्याची वाहकता हवेच्या चोवीस पट आहे. थरातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की त्याचा उपयोग संपतो, वर बुरशी येते आणि घरातल्या दमेकऱ्याला त्रास सुरू होतो. म्हणून हे काम पावसाळ्यानंतर, कोरड्या दिवसांत करावे.

स्वस्त थर्माकोल आणि आग

१३ मार्च २०२३ ची संध्याकाळ आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. आप्पापाड्यात आग लागली, सिलिंडर फुटत गेले आणि शेकडो झोपड्या जळून गेल्या. उन्हाळ्याची सुरुवात, कोरडे सामान, एकमेकांना खेटलेली घरे आणि आत शिरायला जागा नाही, ही परिस्थिती आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. अशा घराच्या छताखाली उघडा थर्माकोल चिकटवणे म्हणजे डोक्यावर इंधन साठवणे. तो पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात आणि काळ्या धुरात माणूस काही मिनिटांत गुदमरतो.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. शेगडीच्या वरच्या भागात थर्माकोल, फेस किंवा पीव्हीसी लावूच नका. परवडत असेल तर न पेटणारे रॉकवूलच घ्या. थर्माकोल लावायचाच असेल तर आगीला दाद न देणारा प्रकार मागा आणि तो जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाने पूर्ण झाका. विजेच्या वायरी थराच्या आत दाबू नका. वायर चालू असताना थोडी तापते. भोवती रोधक थर असला की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि वायरचे आवरण वितळते. वायरी पाइपमधून, थराच्या खालून, दिसतील अशा न्या. पैसे पुरत नसतील तर आतला थर या वर्षी राहू द्या, बाहेरचा चुना मात्र चुकवू नका. चुन्याला आग लागत नाही.

सिमेंटचा पत्रा असेल तर

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. लोखंडाच्या मानाने त्याची वाहकता खूपच कमी, पण जाडी पाव इंच, त्यामुळे तोही भरपूर तापतो. त्याचा खरा धोका दुसरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे. तंतू श्वासात गेले तर कित्येक वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग किंवा अ‍ॅस्बेस्टॉसिस होऊ शकतो. पत्रा अखंड, न हलवलेला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण तो कोरडा कापू नका, त्यात ड्रिल करू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. चुना लावण्याआधी पाण्याने भिजवून मऊ झाडूने हळू पुसा. बदलायचा असेल तर भिजवून, अखंड उतरवा. फुटलेले तुकडे पिंपावर झाकण म्हणून किंवा मुलांना खेळायला ठेवू नका. हा पत्रा ठिसूळ असतो. वर चढणारा माणूस त्यातून थेट खाली कोसळतो. चढायचेच तर खालच्या अँगलच्या रेषेत फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

रात्रीची हवा

उघडा पत्रा जितका लवकर तापतो तितकाच लवकर रात्री थंडही होतो. आतून थर लावला की घरातली उष्णता, म्हणजे माणसांची, शेगडीची, फ्रिजची, बाहेर जायला तोच थर आड येतो. त्यामुळे थरासोबत हवेला वाट ठेवणे आवश्यक आहे. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वरच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके ठेवा आणि त्यांना जाळी लावा, म्हणजे डास आत येणार नाहीत. गरम हवा वर चढते आणि तिथूनच निघून जाते. स्वयंपाक शक्यतो सकाळी लवकर उरका.

पुनर्वसनाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला गेलेल्यांचा अनुभव उलटा असतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. तिथे सोसायटीने गच्चीवर पांढरा रंग किंवा पांढऱ्या टाइल्स लावून घेणे हाच चांगला मार्ग.

शरीर काय सांगते

उष्णतेचा फटका सर्वांत आधी तान्ह्या बाळांना, गरोदर स्त्रियांना, वृद्धांना, मधुमेह-रक्तदाब-हृदयविकाराच्या रुग्णांना आणि उन्हात राबून आलेल्या कामगाराला बसतो. दिवसभर नाक्यावर किंवा बांधकामावर तापलेले शरीर रात्री निवायला हवे. पत्र्याखाली ते निवत नाही, झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे काम थकव्यातच सुरू होते.

काही गोष्टी लक्षात ठेवा. बाळाची झोळी पत्र्याच्या अँगलला उंच बांधू नका. वरची हवा सर्वांत गरम असते, झोळी जितकी खाली तितकी बरी. औषधांची पाकिटे पत्र्याजवळच्या फळीवर ठेवू नका. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके आणि त्यात कुपी ठेवून ते सावलीत ठेवल्यास बराच गारवा राहतो. अशी कुपी किती दिवस चालेल हे डॉक्टरांना विचारून घ्या. लघवी जास्त होण्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्यात त्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आमच्या भगिनींना एक वेगळे सांगायचे आहे. सार्वजनिक शौचालय लांब, रांग मोठी, म्हणून अनेक जणी दुपारी पाणी पिणेच टाळतात. उन्हाळ्यात याची किंमत लघवीची जळजळ, मूतखडा आणि चक्कर या रूपाने मोजावी लागते. पाणी तोडू नका. शौचालयाचा प्रश्न हा तुमच्या एकटीचा नाही, वस्तीचा आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

अशक्तपणा, पायात गोळे, मळमळ, डोके दुखणे ही सुरुवात असते. माणसाला सावलीत आणा, ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी यात कामाची नाही. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओले करा आणि थंड जागी जा.

वस्तीने मिळून काय करता येईल

एकेका घराने चुना आणायचा म्हटले तर महाग पडते. गल्लीने मिळून आणला तर स्वस्त. महिला मंडळाने फेब्रुवारीत एक रविवार ठरवावा. तरुणांनी छपरे झाडावीत आणि शिडी धरावी. ज्यांना चढण्याची सवय आहे त्यांनीच वर जावे. आधी माळ्यावर राहणाऱ्या भाडेकरूंची, एकट्या वृद्धांची आणि बाळंतिणींची छपरे घ्यावीत. आपल्या गल्लीत रंगारी, सुतार, वेल्डर, वायरमन सगळे आहेत. त्यांचा एक दिवस हीच मोठी मदत.

विहाराचे छप्पर सर्वांत आधी पांढरे करावे, आत हवेची वाट करावी, पाण्याचे माठ ठेवावेत आणि मार्च ते मे दुपारी बारा ते चार विहार उघडे ठेवावे. ज्यांच्या घरात बसवत नाही त्यांना बसायला, मुलांना अभ्यासाला जागा मिळेल. जयंतीची तयारी याच दिवसांत जोरात असते. त्या तयारीच्या यादीत चुन्याच्या गोण्याही लिहून टाका.

आणि तापमापकाची वही विसरू नका. चुना लावण्याआधीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस, दुपारी दोनचे आकडे लिहा. गल्लीतल्या दहा घरांच्या वह्या एकत्र झाल्या की पालिकेसमोर अर्ज करताना हातात पुरावा असेल. शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतील आणि त्यातून विज्ञानही शिकतील.